‘इन्फ्लेशन’ : शब्दाचा अर्थ आणि त्याचा वापर

(पक्षाच्या मराठी भाषिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयाचे नाव ऐकून काही साथींच्या मनात शंका येईल की, पक्षाच्या अभ्यासवर्गात एका इंग्रजी शब्दाच्या अर्थावर एवढा वेळ खर्च करण्याचे प्रयोजन काय? महागाई म्हणजे काय हे कामगाराला, शेतमजुराला किंवा घर चालविणाऱ्या स्त्रीला शब्दकोश उघडून शिकवावे लागत नाही. हे अगदी खरे आहे. परंतु महागाई का झाली आणि ती आटोक्यात आणण्यासाठी झीज कोणी सोसावी, हा प्रश्न उभा राहिला की राज्यकर्ता वर्ग, त्याचे अर्थतज्ज्ञ आणि त्याची वृत्तपत्रे ‘इन्फ्लेशन’ हा शब्द पुढे करतात. कामगारांनी वेतनवाढ मागितली, तर सांगण्यात येते की त्यामुळे इन्फ्लेशन वाढेल. रेशनवर अधिक धान्य मागितले, तर सांगण्यात येते की सरकारी खर्च वाढून इन्फ्लेशन वाढेल. आणि बाजारात डाळीला हात लावण्याची सोय उरलेली नसताना पहिल्या पानावर मथळा येतो की इन्फ्लेशन घटले!

एकच शब्द येथे निरनिराळ्या अर्थांनी वापरला जात आहे. एका वेळी त्याचा अर्थ चलनाची वाढ असा असतो, दुसऱ्या वेळी भावांची वाढ, तर तिसऱ्या वेळी भाव वाढण्याचा वेग. ऐकणाऱ्याला वाटते की एकाच गोष्टीविषयी बोलणे चालले आहे. या घोटाळ्याचा फायदा कोणाला मिळतो हे समजून घेणे, हा आजच्या चर्चेचा उद्देश आहे.

शब्दाचा उगम

मूळ लॅटिन धातूचा अर्थ आत हवा भरणे, फुंकून फुगविणे असा आहे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरण्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. अर्थव्यवहारात तो रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि मुख्यतः अमेरिकेत. त्याआधी इंग्लंडमध्ये, नेपोलियनविरुद्धच्या युद्धांच्या काळात, बँक ऑफ इंग्लंडने १७९७ साली नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले होते. त्यावर रिकार्डो आदींनी जो मोठा वाद घातला, त्यात नोटांचे ‘अवमूल्यन’ झाले, अशीच भाषा प्रामुख्याने होती.

अमेरिकेतील यादवी युद्धात संघराज्य सरकारने १८६२ पासून सोन्यात न बदलता येणाऱ्या, हिरव्या पाठीच्या नोटा काढल्या. युद्ध संपल्यावर या नोटांचे काय करायचे यावर वर्गीय झगडा पेटला. सावकार व बँकवाले म्हणत, नोटा मागे घ्या आणि सोन्याचे चलन पुन्हा आणा. कारण त्यांना आपली येणी मौल्यवान चलनात वसूल करायची होती. कर्जात बुडालेले शेतकरी म्हणत, नोटा काढा. या दुसऱ्या पक्षाला विरोधकांनी जे नाव दिले ते ‘इन्फ्लेशनिस्ट’, म्हणजे फुगवटावादी. १८७४ साली अमेरिकी काँग्रेसने नोटांचे प्रमाण वाढविणारे जे विधेयक संमत केले, ते ‘इन्फ्लेशन बिल’ या नावानेच ओळखले गेले, आणि अध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारले. तेव्हा हा शब्द आरंभापासूनच केवळ शास्त्रीय नव्हता. ऋणको आणि धनको यांच्या लढ्यात धनकोंच्या हातातले ते एक हत्यार होते.

त्या काळी फुगत असे ते चलन. भाववाढ हा त्याचा परिणाम समजला जाई. विसाव्या शतकात, विशेषतः पहिल्या महायुद्धानंतर, परिणामालाच कारणाचे नाव चिकटले. ‘चलनाचे इन्फ्लेशन’ यातील ‘चलनाचे’ गळून पडले, आणि सर्वसाधारण भावपातळीची कोणतीही सतत वाढ, मग ती कोणत्याही कारणाने झालेली असो, ‘इन्फ्लेशन’ ठरली. शब्दाचा अर्थ बदलला. पण जुन्या अर्थाची सावली त्याच्यावर राहिलीच. आजही हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात नोटांचा छापखाना उभा राहतो आणि कारणाचा शोध तेथेच संपतो.

आपल्या भाषांतील प्रतिशब्द

या वर्गाला निरनिराळ्या राज्यांतून साथी आलेले आहेत. त्यांनी आपापल्या प्रांताची भाषा आठवून पाहावी. मराठीत आपण ‘चलनवाढ’ किंवा ‘चलनफुगवटा’ म्हणतो. हिंदीत आणि बंगालीत ‘मुद्रास्फीती’ म्हणतात. कन्नडात ‘हणदुब्बर’, तमिळमध्ये ‘पणवीक्कम्’ म्हणतात. हण किंवा पण म्हणजे पैसा, आणि पुढचे पद सूज अथवा फुगणे या अर्थाचे. इंग्रजी शब्दात चलनाचा उल्लेख उरलेला नाही. आपल्या पंडितांनी भाषांतर करताना तो पुन्हा आत घातला. म्हणजे ‘यंदा चलनवाढीचा दर अमुक टक्के’ असे वाक्य आकाशवाणीवर ऐकू आले, की भावांविषयीच्या त्या बातमीतच भाववाढीच्या कारणाविषयीचा एक सिद्धांत गुपचूप सांगून झालेला असतो. वास्तविक ती टक्केवारी मोजताना किती नोटा छापल्या याचा कोणीही हिशेब केलेला नसतो. तांदूळ, तेल, घरभाडे आणि एसटीचे तिकीट यांचे भाव मोजलेले असतात.

याउलट सामान्य जनतेचे शब्द पाहा. मराठीत ‘महागाई’, हिंदीत ‘महंगाई’, गुजरातीत ‘मोंघवारी’. ‘महाग’ हा शब्द संस्कृत ‘महार्घ’ म्हणजे मोठ्या किमतीचे, यावरून आला आहे. त्यात चलनाचा पत्ता नाही. तो माल विकत घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहून बोललेला शब्द आहे. माझ्या कमाईच्या मानाने वस्तू परवडत नाही, असे तो सांगतो. भारतातील कामगार चळवळीने लढून जो भत्ता मिळविला, तोही ‘महागाई भत्ता’ आहे, आणि इंग्रजीतही त्याला ‘इन्फ्लेशन अलाउन्स’ न म्हणता ‘डिअरनेस अलाउन्स’ म्हणतात. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सार्वत्रिक संप केला तो याच भत्त्यासाठी.

चलन खरोखर फुगते तेव्हा

याचा अर्थ असा नव्हे की चलन कधी फुगतच नाही. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात, १८६७ सालीच, दाखवून दिले आहे की कागदी चलन हे सोन्याचे प्रतीक म्हणून फिरत असते, आणि जेवढे सोने प्रत्यक्ष फिरले असते त्याहून अधिक नोटा राज्यसंस्थेने लोटल्या, तर प्रत्येक नोट तेवढ्या प्रमाणात कमी सोन्याची प्रतिनिधी होते. हे घडल्याची उदाहरणे इतिहासात आहेत.

जर्मनीत नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरसाठी सुमारे ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. कामगारांची मजुरी हाती पडेपर्यंत निरुपयोगी होई. पेन्शनर आणि लहान बचतदार धुळीला मिळाले. पण सर्वांचेच नुकसान झाले काय? ह्यूगो स्टिनेससारख्या उद्योगपतींनी कर्ज काढून कारखान्यांमागून कारखाने विकत घेतले आणि ते कर्ज कवडीमोल मार्कांत फेडले. ‘फुगवट्याचा राजा’ अशी त्याची ख्याती झाली.

दुसरे उदाहरण आपल्या देशाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून सैन्यासाठी प्रचंड माल उचलला. त्याचे मोल लंडनमध्ये स्टर्लिंगच्या खात्यावर लिहून ठेवले जाई, आणि त्या आकड्यांच्या आधारावर येथे रिझर्व्ह बँक रुपयाच्या नोटा काढी. १९३९ ते १९४५ या काळात फिरत्या नोटांचे प्रमाण सुमारे सहापट झाले; माल मात्र सैन्याकडे गेला. लंडनमधील ते येणे युद्धाच्या अखेरीस सुमारे १३० कोटी पौंडांपर्यंत पोचले. ज्यांच्या हाती नव्या नोटा आधी आल्या, ते कंत्राटदार, गिरणीमालक आणि धान्याचे साठेबाज, त्यांनी आधीच्या भावाने खरेदी केली. ज्यांच्या हाती त्या शेवटी आल्या किंवा आल्याच नाहीत, त्या बंगालच्या शेतमजुरांना, कोळ्यांना आणि ग्रामीण कारागिरांना १९४३ मध्ये तांदूळ मिळेना. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की धान्याच्या एकूण तुटीपेक्षा युद्धकालीन भाववाढीत या थरांची खरेदीशक्ती नष्ट होणे, हे त्या दुष्काळाचे प्रमुख कारण होते.

तेव्हा चलन खरोखर फुगलेले असले, तरी तेवढे सांगून विश्लेषण पुरे होत नाही. नव्या नोटा कोणासाठी काढल्या, त्या कोणाच्या हाती आधी गेल्या आणि कोणाच्या ताटातला घास त्यामुळे कमी झाला, हे प्रश्न पुढे विचारावेच लागतात.

मुंबई, १९६३

१९६३ साली मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाची मुंबईत दिलेली व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. इन्फ्लेशन ही सदासर्वकाळ आणि सर्वत्र केवळ पैशाच्या राशीशी निगडित अशी घटना आहे, हे त्याचे सूत्र त्यातलेच. पुढे १९८० च्या सुमारास इंग्लंडमधील थॅचर सरकारने आणि अमेरिकेतील मध्यवर्ती बँकेने याच विचाराच्या नावाने व्याजदर चढविले, आणि लक्षावधी कामगार बेकार झाले.

योगायोग असा की त्याच १९६३ साली मुंबईतील कामगारवर्गही याच विषयावर एक वेगळा वाद लढत होता. नोटा किती आहेत, हा त्याचा प्रश्न नव्हता. ज्या निर्देशांकाला महागाई भत्ता जोडलेला आहे, तो निर्देशांक खरा आहे काय, हा होता. बाजारात भाव चढत होते, परंतु निर्देशांक त्या मानाने हलत नव्हता. कामगार संघटनांच्या दबावामुळे महाराष्ट्र सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. मुंबईचा निर्देशांक प्रत्यक्ष भाववाढ पुरती दाखवीत नव्हता, हे या समितीने मान्य केले आणि त्यात दुरुस्ती करावी लागली. निर्देशांकातील एकेक अंश म्हणजे लाखो कामगारांच्या पगारातील रक्कम होती. तेव्हा ‘इन्फ्लेशन किती?’ या प्रश्नाचे उत्तरही वर्गीय संघर्षाबाहेर ठरत नाही, हा धडा आपल्या चळवळीने साठ वर्षांपूर्वी घेतला आहे.

मजुरी वाढल्याने भाव वाढतात काय?

हा आक्षेप मार्क्सच्या काळापासूनचा आहे. जून १८६५ मध्ये पहिल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सर्वसाधारण समितीत जॉन वेस्टन या सदस्याने मांडले की मजुरीवाढीचा कामगारांना काही लाभ नाही, कारण भांडवलदार तेवढेच भाव चढवितात. म्हणून त्यासाठी झगडणे व्यर्थ आहे. वेस्टन हा स्वतः कामगार होता, प्रामाणिक होता; पण मालकांचे मत तो नकळत बोलत होता. मार्क्सने दोन बैठकांत त्याला उत्तर दिले. ‘मजुरी, किंमत आणि नफा’ ही आपल्या अभ्यासवर्गांत नेहमी वाचली जाणारी पुस्तिका म्हणजे तेच भाषण. त्याचे सार असे : भांडवलदाराला मनाला येईल तेवढा भाव लावता येत असता, तर मजुरीवाढ होण्याची वाट त्याने पाहिलीच नसती. श्रमाने निर्माण केलेल्या नव्या मूल्यातून मजुरी आणि नफा हे दोन वाटे निघतात. एक वाढला की दुसरा घटतो. म्हणून सर्वसाधारण मजुरीवाढीचा पहिला आघात नफ्याच्या दरावर होतो. मालकवर्ग त्याला विरोध करतो याचे कारणही हेच.

आता आपल्या देशातील अनुभव पाहा. १९७२ च्या दुष्काळाने धान्य घटले. ऑक्टोबर १९७३ नंतर जागतिक बाजारात खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. साठेबाजांनी हात धुऊन घेतले. घाऊक भावांची वार्षिक वाढ १९७४ मध्ये २५ टक्क्यांच्या घरात गेली. या तीनही कारणांत कामगारांचा हात नव्हता. तरीही मे १९७४ चा रेल्वे कामगारांचा संप दडपून टाकल्यानंतर जुलैमध्ये सरकारने वटहुकूम काढला. त्याने वाढीव वेतन संपूर्ण आणि वाढीव महागाई भत्ता निम्मा, सक्तीने ठेवीत टाकला. समर्थन एकच : कामगारांच्या हातातला पैसा म्हणजे इन्फ्लेशन. साठेबाजाच्या कोठारातला माल सक्तीने ठेवीत टाकण्याचा वटहुकूम मात्र निघाला नाही.

याच काळात मुंबईत एक वेगळी भाषा रस्त्यावर आली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने अहिल्या रांगणेकर, मृणाल गोरे, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराखाली हजारो स्त्रियांना संघटित केले. थाळ्या वाजवीत आणि लाटणी उगारीत त्या मंत्र्यांच्या दारी आणि साठेबाजांच्या गोदामांवर गेल्या. गोडे तेल, रॉकेल, साखर आणि धान्य कोठे दडविले आहे, हा त्यांचा प्रश्न होता. ‘इन्फ्लेशन’ हा शब्द कारणाकडे बोट दाखवू देत नाही. लाटणी मोर्चाने ते नेमके दाखविले.

वटहुकुमाची पद्धत कालबाह्य झाली असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या व निवृत्तांच्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठविले. जुलै २०२१ पासून भत्ता पुन्हा सुरू झाला, परंतु मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही.

नफ्याचा वाटा

मक्तेदारीच्या युगात वेस्टनच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आली आहे. पोलिश अर्थशास्त्रज्ञ कालेत्स्की याने दाखविले की मोठ्या उद्योगांत किंमत ठरते ती उत्पादनखर्चावर नफ्याची टक्केवारी चढवून, आणि ती टक्केवारी किती असावी हे मक्तेदारीच्या बळावर आणि कामगार संघटनांच्या ताकदीवर अवलंबून असते. बाजारात चार-पाचच विक्रेते असले, तर कच्चा माल महागल्याचे निमित्त सांगून भाव खर्चापेक्षा अधिक चढविता येतात.

ही केवळ डाव्यांची समजूत आहे, असे आता कोणी म्हणू शकत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच तज्ज्ञांनी जून २०२३ मध्ये युरोपातील २०२२ च्या आरंभापासूनच्या भाववाढीची फोड केली, तेव्हा सुमारे ४५ टक्के वाटा वाढलेल्या नफ्याचा आणि सुमारे ४० टक्के आयात मालाच्या भावांचा निघाला. आपल्या रिझर्व्ह बँकेचे एक माजी उपगव्हर्नर विरल आचार्य यांनीही २०२३ मध्ये मांडले की पाच सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांची वाढती बाजारशक्ती हे भारतातील भाव न उतरण्याचे एक कारण आहे. ‘वेतनजन्य भाववाढ’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत जुना आहे. ‘नफाजन्य भाववाढ’ हा त्याचा जोडीदार तेथे शोधावा लागतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भाव, भाववाढ आणि भाववाढीचा दर

आता रोजच्या प्रचारात ज्या जागी आपला कार्यकर्ता गोंधळतो, तिकडे वळू. एखादी वस्तू पहिल्या वर्षी १०० रुपयांना मिळत होती. दुसऱ्या वर्षी ती १२० झाली. भाववाढीचा दर २० टक्के. तिसऱ्या वर्षी १२६ झाली. दर ५ टक्के. वृत्तपत्र लिहिते, ‘महागाई २० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर’. वाचणाऱ्याला वाटते, वस्तू स्वस्त झाली. प्रत्यक्षात ती आणखी ६ रुपयांनी महागली आहे. ज्याची मजुरी या काळात १०० वरच राहिली, त्याला पूर्वीच्या मानाने ८० टक्क्यांहूनही कमी माल मिळतो. दर उतरल्याने त्याचे खरे वेतन परत आलेले नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्राहक किमतींच्या वाढीचा वार्षिक दर ०.२५ टक्के एवढा खाली आल्याचे जाहीर झाले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तो ६.२१ टक्के होता. म्हणजे आधी चढलेले भाव तेथेच टिकले. दोन वर्षांची मिळून वाढ सुमारे साडेसहा टक्के झाली. शिवाय तो आकडा एवढा खाली आला याचे एक मोठे कारण, भाज्या व अन्नपदार्थांचे भाव वर्षापूर्वीच्या मानाने कोसळले हे होते. कांदा-टोमॅटो पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याचे नाव ‘यश’ असे नाही. शेतमालाचे भाव पाडून शहरी निर्देशांक खाली आणणे आणि खत, डिझेल, औषधे व शाळेची फी मोकळी सोडणे, ही ग्राहक आणि शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करण्याची युक्ती आहे. शेतकऱ्याला हमीभाव आणि ग्राहकाला रास्त भावाच्या दुकानातून धान्य, या दोन मागण्या आपण एकत्र मांडतो त्याचे कारण हेच.

सरासरी ही आणखी एक पळवाट. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेये यांचा भार देशभरासाठी ४५.८६ टक्के होता. ग्रामीण भागासाठी ५४.१८ आणि शहरांसाठी ३६.२९. शेतमजुरांसाठीच्या, १९८६-८७ हे पायाभूत वर्ष धरलेल्या निर्देशांकात मात्र तो सुमारे ६९ टक्के होता. म्हणजे धान्य-डाळी महागल्या, की शेतमजुराची महागाई सरकारी सरासरीपेक्षा कितीतरी अधिक असते. एका देशात, एका महिन्यात, सर्व वर्गांसाठी एकच महागाई नसते.

रिझर्व्ह बँकेचे चार टक्के

२०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून रिझर्व्ह बँकेवर भाववाढीचा दर ४ टक्के, दोन टक्के खाली किंवा वर, राखण्याची जबाबदारी टाकण्यात आली. २०२१ मध्ये तेच उद्दिष्ट पुढील पाच वर्षांसाठी कायम करण्यात आले. हत्यार मुख्यतः एकच : व्याजदर. एप्रिल २०२२ मध्ये दर ७.७९ टक्क्यांवर गेला. कारणे होती युक्रेनचे युद्ध, खाद्यतेल, इंधन, गहू. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेण्यात आला. व्याजदर वाढल्याने सूर्यफुलाचे तेल अधिक येत नाही. कर्ज महागते, बांधकामे थांबतात, लहान कारखाने माणसे कमी करतात, आणि बेकारीच्या भीतीने कामगार वेतनवाढ मागेनासा होतो. या उपायाचा मार्ग श्रमिकांच्या पाठीवरून जातो.

आणि समजा, उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाले. दरसाल ४ टक्के याचा अर्थ सुमारे १८ वर्षांत भाव दुप्पट. ज्याचे उत्पन्न निर्देशांकाशी जोडलेले आहे, त्याला हे काही अंशी सोसते. ज्याचे जोडलेले नाही, त्याचे काय? केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शन योजनेत गरीब वृद्धाला केंद्राचा वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता. त्यानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ, ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी, तो तेवढाच राहिला. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतील किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि पुढील दहा वर्षांतही तेथेच राहिली. या वृद्धांच्या पेन्शनीत कपात करण्यासाठी सरकारला वटहुकूम काढावा लागला नाही. आकडा न हलविता निम्मी पेन्शन काढून घेता येते, आणि त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट साध्य झाल्याचे जाहीर होत असते.

कायदाही शब्दांच्या व्याख्यांवर चालतो हे विसरू नका. २०२० साली जे तीन कृषी कायदे केले, त्यांतील एकाने आवश्यक वस्तूंच्या साठ्यावर मर्यादा घालण्यासाठी अट घातली होती : फळे-भाजीपाल्याचे भाव १०० टक्के, आणि न नासणाऱ्या शेतमालाचे ५० टक्के वाढले पाहिजेत. म्हणजे डाळ ४९ टक्क्यांनी महागली, तरी साठेबाजाच्या बाबतीत ती ‘भाववाढ’ ठरणार नव्हती. इकडे ६ टक्क्यांच्या वर गेले की कर्जदाराचे व्याज वाढविले जाते! शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या आंदोलनाने २०२१ मध्ये ते कायदे रद्द करविले, हा साठेबाजीविरोधी लढ्याचाही विजय होता.

आपण हा शब्द कसा वापरावा

साथींनो, परकीय शब्दावर बहिष्कार घाला असे मी म्हणत नाही. वादात तो शब्द येणारच. सरकारी अहवाल आणि अर्थसंकल्प वाचताना तो समजलाच पाहिजे. पण आपल्या पत्रकांत, भाषणांत आणि मागण्यांच्या निवेदनांत शिस्त हवी. राज्यसंस्थेने मालाच्या मानाने बेसुमार चलन काढले असेल, जसे १९३९-४५ मध्ये घडले, तेथेच ‘चलनफुगवटा’ म्हणावे. भावपातळी चढली एवढेच सांगायचे असेल, तेथे ‘भाववाढ’ म्हणावे, आणि टक्केवारी देताना ‘भाववाढीचा दर’ असे स्पष्ट लिहावे. उत्पन्नाच्या मानाने जीवन परवडेनासे होणे, यासाठी ‘महागाई’ हा जनतेचा शब्द आहे. तो तेवढ्यासाठी राखावा.

आणि कोणी ‘इन्फ्लेशन’ म्हणाला, की चार प्रश्न विचारावेत. नेमके काय वाढले : चलन, भाव, की वाढीचा वेग? कोणत्या वस्तूंचे भाव, आणि ते कोणाच्या खर्चात किती येतात? वाढलेली किंमत शेवटी कोणाच्या खिशात गेली? आणि सुचविलेल्या उपायाचा भार कोणावर पडणार? हे चार प्रश्न गिरणीच्या दारातील सभेत विचारता येतात, ग्रामसभेत विचारता येतात आणि विधिमंडळातही विचारता येतात.

शेवटी एक इशारा. ‘महागाई’ हा आपला शब्दही अपुरा आहे. ‘महागाई झाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा पाऊस पडला किंवा साथ आली, त्याप्रमाणे ती आपोआप आल्यासारखी वाटते. भाव कोणीतरी वाढवितो, कर कोणीतरी लावतो, साठा कोणीतरी दडवितो आणि मजुरी कोणीतरी गोठवितो. कर्त्याचे नाव घेतल्याशिवाय आपले वाक्य पुरे होत नाही. सार्वत्रिक शिधावाटप, सर्व किमान वेतने व पेन्शने निर्देशांकाशी जोडणे, इंधनावरील अप्रत्यक्ष करांत कपात, अन्नधान्यातील सट्टेबाजीवर बंदी आणि साठेबाजांवर कारवाई या आपल्या मागण्यांना धार येते ती त्यामुळेच. परत गेल्यावर आपल्या शाखेत या आठवड्याचे वर्तमानपत्र घ्या, त्यातील भाववाढीची एक बातमी निवडा, आणि या चार प्रश्नांच्या साहाय्याने ती साथींसह वाचा. या वर्गाचा उपयोग तेथे सुरू होईल.